बोगद्यानंतर सांगते

डोंबिवलीहून सुटलेली जलद लोकल दिवा मागे टाकून पारसिकच्या बोगद्यात शिरली की आमच्या डब्यातली गोष्ट थांबायची. दारांतून, खिडक्यांतून चाकांचा खडखडाट एकदम आत घुसायचा. समोरचीचे ओठ हलताना दिसायचे, शब्द मात्र कळायचा नाही. गोष्ट सांगणाऱ्या मावशी हाताचा पंजा उभा धरायच्या. थांबा, बोगद्यानंतर सांगते. 1916 साली सुरू झालेला तो 1.3 किलोमीटरचा बोगदा पार व्हायला दीडेक मिनिट लागायचं. तेवढ्या वेळात त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत मटार सोलणं चालूच असायचं. शेंगेची शीर कुठे आहे, हे अंगठ्याला न बघता कळायचं. कळव्याच्या बाजूचा उजेड आत आला की मावशी नेमक्या त्याच वाक्यापासून गोष्ट उचलायच्या, "तर आबा काय म्हणतात..."

हे आबा म्हणजे श्रीयुत गंगाधर टिपरे. 2001 ते 2004 या काळात अल्फा मराठीवर ही मालिका लागायची. दिलीप प्रभावळकरांनी आपल्याच 'अनुदिनी' या लेखनातून उभं केलेलं घर, आणि दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका. आमच्या डब्यात या पाचजणांबद्दल शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसं बोललं जायचं. "श्यामलाचं काही चुकलं नाही हं काल," असं कुणी म्हटलं की डब्यात नव्याने येऊ लागलेल्या बाईला वाटायचं, ही यांची जाऊ असणार.

मी तेव्हा ठाण्याला नोकरीला जात होते. डोंबिवली ते ठाणे वीसेक मिनिटांचा प्रवास. जाहिराती वगळल्या तर अर्ध्या तासाचा भागही साधारण तेवढाच. मावशींना या वेळेचा असा सराव झाला होता की गाडी ठाण्याच्या फलाटाला लागता लागता त्यांचं शेवटचं वाक्य यायचं, आणि आम्ही हसत हसत उतरायचो. पुलावर चढताना कुणीतरी मत द्यायचं. "काल जमलं होतं." "मला नाही बाई हसू आलं." "शेवट घाईत उरकला." एवढंच. मग ज्या त्या आपापल्या ऑफिसच्या वाटेला लागायच्या.

त्या मतांबद्दल मला लिहायचं आहे. पुलाच्या पायऱ्यांवर, भाजीवाल्यासमोर, कपडे वाळत घालताना दोरीच्या अलीकडून पलीकडे दिलेली ही मतं कुठे लिहिली जात नाहीत. देणाऱ्यांनाही ती संध्याकाळपर्यंत आठवत नाहीत. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या या पट्ट्यात गेली पन्नास वर्षं टीव्हीवरचा विनोद पारखला गेला आहे तो या मतांनीच. आणि ती पारख मला फार मोलाची वाटते.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. भाग सगळ्याजणींनी बघितलेला असला, तरी मावशींकडून तो पुन्हा ऐकावासा का वाटायचा? एक कारण अगदी साधं होतं. आम्ही मालिका बघायचो कमी, ऐकायचो जास्त. टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि आम्ही ओट्याशी. पोळी तव्यावर असताना बाहेर हशा पिकायचा, म्हणून पदराला हात पुसत दारापर्यंत यावं तर तोवर प्रसंग बदललेला. नेमकं हशाचं वाक्य कुकरच्या शिट्टीत बुडालेलं. कधी लाइट जायचे, कधी पाहुणे यायचे. प्रत्येकीच्या वाट्याला भागाचा एकेक तुकडा आलेला असायचा आणि सकाळच्या गाडीत ते तुकडे जोडून पूर्ण भाग व्हायचा.

दुसरं कारण मला उशिरा कळलं. एकदा माझ्या घरी कुणी नव्हतं, स्वयंपाक लवकर आवरला होता आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपऱ्यांचा भाग बघितला. दुसऱ्या दिवशी मावशी तोच भाग सांगू लागल्या. सांगता सांगता त्यांच्या आबांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. चष्मा कपाळावरच होता, घर धुंडाळून झालं, सुनेवर संशय घेऊन झाला. मी बघितलेल्या भागात चष्म्याचं काहीच नव्हतं. मी तसं म्हणणार तेवढ्यात लक्षात आलं, हे मावशींचे सासरे आहेत. पूर्वी कधीतरी त्यांनीच सांगितलं होतं. आबांच्या भागात त्यांनी आपल्या सासऱ्यांना अलगद आणून बसवलं होतं, आणि ते तिथे इतके शोभत होते की मी गप्प बसले. मावशींनी त्या भागाला दिलेलं मत तेच होतं. भाग आवडला, हे त्यांनी त्यात आपलं माणूस ठेवून सांगितलं.

तेव्हापासून मी एक कसोटी मानत आले. जो विनोद दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला सांगता येतो, आणि सांगताना ज्यात आपल्या घरातलं कुणीतरी मावतं, तो चांगला. सांगायला गेलं की जो हातातून निसटतो आणि "तू बघायला हवं होतंस" एवढंच म्हणावं लागतं, तो तेवढ्यापुरता.

माझं बालपण कल्याणला पारनाक्याजवळच्या एका वाड्यात गेलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, पण आमच्या वाड्यात टीव्ही यायला आणखी काही वर्षं जावी लागली. आला तोही घरमालकांकडे. लाकडी शटरचा, चार पायांचा. पुढे मुलं जमिनीवर, मागे बायका, दाराच्या चौकटीत उभे पुरुष. तिथेच मी 'चिमणराव' बघितलं. चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ. चिमणराव झालेले प्रभावळकर, गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे.

माझ्या वडिलांनी चि. वि. जोशी वाचलेले होते. त्यांच्या मनात एक गुंड्याभाऊ आधीच उभा होता. पहिला भाग संपल्यावर जिना उतरताना ते म्हणाले, "गुंड्याभाऊ बरोबर सापडलाय." घरमालकांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुस्तकातले चिमणराव त्यांना कधी भेटलेच नव्हते. त्या म्हणाल्या, "हा चिमण अगदी आमच्या धाकट्या दिरासारखा घाबरट आहे हो." एकाने पुस्तकाशी ताडून बघितलं, दुसरीने घराशी. दोघांचा निकाल एकच आला. वडिलांनी मान डोलावली ती मला अजून दिसते. अक्षरओळख नसलेल्या आजीचं मत त्यांनी आपल्या मताच्या शेजारी बसवून घेतलं होतं.

पुढे वीस-बावीस वर्षांनी तेच प्रभावळकर आबा टिपरे होऊन आले, तेव्हा वडील साठीच्या पुढे गेले होते. चिमणराव बघताना घर चालवण्याच्या ओढाताणीत असलेली सगळी पिढी आता आजोबा झाली होती. वडील म्हणाले, "आमच्याबरोबर हेही म्हातारे झाले." नटाबद्दल याहून आपुलकीचं वाक्य मी कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही.

आपल्या भाषेत विनोदाला नावं ठेवायची किंवा त्याचं कौतुक करायचं तर शब्द कुठून येतात बघा. पाणचट. अळणी. शिळा. चटपटीत. खुसखुशीत. भट्टी जमली, भट्टी बिघडली. जवळपास सगळे चुलीपासून उचललेले. पाणचट म्हणजे नुसता वाईट नव्हे. डाळ कमी आणि पाणी जास्त, एका भागाचा ऐवज ताणून चार भाग केलेले, हे त्या एका शब्दात येतं. खुसखुशीत व्हायला पिठात कडकडीत मोहन घालावं लागतं. ते दिसत नाही, पण कमी पडलं की चकली दातांना कळते. चांगल्या विनोदी प्रवेशातही न दिसणारं असं काहीतरी आधी चोळून घेतलेलं असतं. माणसं पक्की ओळखीची असतात, त्यांची एकमेकांवर माया असते, म्हणून भांडण रंगतं. बायकांनी हे शब्द वापरले ते हाताला अनुभव होता म्हणून.

माझ्या आईचा एक शब्द तर मी कायमचा उचलला. दिवाळीच्या आधी ती अनारसे करायची. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं पीठ, गूळ, वरून खसखस, मंद आचेवर तूप. गूळ जरा जास्त झाला किंवा पीठ सैल पडलं की अनारसा तुपात सोडताच पसरतो, विस्कटतो, त्याचं नुसतं पीठ तुपावर तरंगू लागतं. त्याला म्हणतात, अनारसा हसला. स्वयंपाकघरातली ही धास्तीची गोष्ट. एका संध्याकाळी ती झारा हातात धरून कढईपाशी बसली होती, बाहेर टीव्हीवर एक विनोदी कार्यक्रम चालू होता. त्यातला नट आपल्याच वाक्यावर आधी स्वतः हसला. आईने कढईवरची नजर न काढता म्हटलं, "याचा अनारसा हसला."

हसवणाऱ्याने स्वतः घट्ट राहायचं, हा नियम तिने अनारशावरून काढला होता आणि तो तिच्यापुरता अढळ होता. चिमणराव कधी हसले नाहीत, म्हणून आम्ही हसलो, असं ती म्हणायची.

माझ्या मुलीचं मत बरोबर उलटं आहे. सोनी मराठीवर 2018 पासून लागणारी 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हा तिचा जीव की प्राण. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर, वनिता खरात ही नावं आमच्या घरी आडनावांशिवाय घेतली जातात. कल्याणची चुलबुली म्हणून ओळखली जाणारी शिवाली परब तर आमच्या माहेरगावची म्हणून अधिकच जवळची. या कार्यक्रमात प्रवेश चालू असताना कधीकधी समोरच्याचं वाक्य ऐकून नटालाच हसू आवरत नाही. तो पाठ फिरवतो, ओठ चावतो, खांदे हलायला लागतात. मुलीला तेच सगळ्यात आवडतं. ती म्हणते, "आजी, त्या क्षणी ते आपल्यासारखे होतात." आई म्हणायची, "आपल्यासारखं व्हायचं तर इथे येऊन बसा की, तिथे कशाला उभे?"

दोघींचा हा वाद दोन-तीन वर्षं चालला. मी मध्ये बसून दोघींचं ऐकत राहिले. आई नाटक बघून वाढलेली, ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये नाटक लागलं की कल्याणहून येणारी. तिथे नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतर असतं, पण मत पोचायला वेळ लागत नाही. हशा पडला की नटाला कळतं, नाही पडला तरी कळतं. टीव्हीवरच्या नटाला आपलं हसणं ऐकू जात नाही. मग तो स्वतः हसला की मुलीला वाटतं, आपलं हसणंच तिकडे पोचलं. मला दोघींचं पटायचं. आईला कसब हवं होतं, मुलीला सोबत. दोन्ही गोष्टी मागण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे.

आमच्या भागात आणखी दोन मतं वारंवार ऐकू येतात. "घरच्यांबरोबर बसून बघता येतं" आणि "डोक्याला ताप नाही." शिकलेल्या माणसांना ही मतं कोती वाटतात. मला त्यांत आमच्या राहणीचा सगळा हिशेब दिसतो. दोन खोल्यांच्या घरात सासरे, नवरा, वयात आलेली मुलगी आणि शाळेतला मुलगा एकाच टीव्हीसमोर बसतात. तिथे एक अचकट वाक्य आलं की सगळ्यांना चार बाजूंना बघावं लागतं आणि बघायला चार भिंतींपलीकडे जागा नसते. 'ये जो है जिंदगी' 1984 साली आली, आर. के. लक्ष्मण यांची 'वागळे की दुनिया' 1988 साली, 'हम पांच' 1995 साली. या मालिका आमच्याकडे आवडल्या त्यात हे मोठं कारण होतं की त्या लागल्यावर कुणाला उठून जावं लागायचं नाही. वागळे तर हिंदी बोलणारा असूनही आमच्याच गाडीला लोंबकळून ऑफिसला जाणारा वाटायचा. आणि डोक्याला ताप नाही, हे कोण म्हणतं? ज्याने सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास गाडीत उभं राहून काढला आहे तो म्हणतो. त्याला विनोदाकडून अर्ध्या तासाची बसायची जागा हवी असते. चौथ्या सीटवर कुणी सरकून जागा दिली तर जसं बरं वाटतं, तसं.

पण प्रेक्षक फक्त बसायची जागा मागतो असंही नाही. तो बदलत जातो, आणि ते बदलणं मी डब्यात ऐकलं आहे. झी मराठीवर 2014 साली 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं तेव्हा डोंबिवलीकरांना पहिला अभिमान भाऊ कदम यांचा. आपल्या गावचा माणूस म्हणून भाऊ हे नाव आमच्याकडे नातं असल्यासारखंच घेतलं गेलं. निलेश साबळे, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे, सागर कारंडे, सगळे घरोघरी गेले. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रं वाचायचे. हसायला बसलेली घरंच्या घरं डोळे पुसायची. दुसऱ्या दिवशी डब्यात विनोदाचं बोलणं थोडं आणि पत्राचं जास्त. एकजण म्हणाली, "इतकं हसल्यावरच असं रडू येतं. नुसतं पत्र वाचलं असतं तर आलं नसतं." विनोदाबद्दल इतकं खरं वाक्य तिने उभ्या उभ्या, एका हाताने कडी धरून सांगितलं.

आणि त्याच डब्यात मी हेही ऐकलं. आपल्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषाने साडी नेसून येणं आणि बाईच्या जाडेपणावर, काळ्या रंगावर हशा घेणं पुष्कळ चालत आलेलं आहे. पूर्वी त्यावर डब्यातही हशा व्हायचा. मग एके दिवशी अशाच एका प्रवेशाचं वर्णन चाललं असताना खिडकीशी बसलेली एक जाड बाई शांतपणे म्हणाली, "मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही हो." आवाज चढवला नाही. कुणी उलट बोललं नाही. सांगणारीने वर्णन तिथेच सोडलं. पुढच्या वेळी तसा प्रवेश लागला तेव्हा मला घरी टीव्हीसमोर त्या बाईचा चेहरा आठवला आणि हसू आलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी डब्यात असलेल्या आणखी चारजणींनाही आलं नसेल. मत असं पोचतं. एका सीटवरून दुसऱ्या सीटवर, तिथून घरात, आणि घरातून केव्हातरी टीव्हीपर्यंत.

मी निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. मावशी गावी राहायला गेल्या. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, तेव्हापासून जलद लोकल मुंब्र्यावरून जातात आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. गोष्ट थांबवावी लागेल असा अंधार आता वाटेत नाही. डब्यात मात्र शांतता वाढली आहे. जिच्या तिच्या कानात तार आहे, जी ती आपल्या हातातल्या पडद्यावर आपला मिनिटभराचा प्रवेश बघते आणि एकटीच गालात हसते. एक सगळ्यांनी बघितलेला कालचा भाग, असं काही आता उरलेलं नाही. याचं मला वाईट वाटत होतं आणि ते मी लपवत नाही.

गेल्या महिन्यात ठाण्याला डॉक्टरांकडे जायचं होतं म्हणून सकाळची जलद गाडी धरली. कडीला हात पोचेल इतकीच जागा होती. माझ्या पुढ्यात पंचविशीतली एक मुलगी फोन छातीशी धरून बघत होती आणि एकाएकी तिला असं हसू फुटलं की तिच्या हसण्याचा धक्का मला लागला. शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "काय गं, काय झालं एवढं?" मुलीने फोन तिच्याकडे वळवायचा प्रयत्न केला. पण गर्दीत तिचं कोपर दोन पर्सच्या मधे अडकलेलं, मनगट वळायला जागाच नव्हती. मग तिने कानातली तार काढली आणि सांगायला लागली.

तो प्रवेश मी बघितला होता. सासू-सुनेचा होता. तिने सांगायला घेतला तेव्हा पहिली दोन वाक्यं तिथलीच होती. तिसऱ्या वाक्याला तिच्या सासूने फ्रीजला कुलूप लावलं. मूळ प्रवेशात फ्रीज नव्हता. शेजारची बाई हसली. मागची वळली. खिडकीतलीने विचारलं, "कुलूप? खरंच?" आणि मुलीचा आवाज चढला, हात मोकळा नव्हता तरी भुवयांनी तिने कुलूप लावून दाखवलं. बाहेर मुंब्र्याचा डोंगर सरकत होता. चार बायका एका मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी ओळखलं की हा प्रवेश तिला आवडला आहे.

गाडी कळवा ओलांडून ठाण्यात शिरली. मला उतरायचं होतं, मागून रेटा आला आणि मी फलाटावर आले. दार सोडताना तिचं वाक्य अर्ध्यावर ऐकलं, "...आणि किल्ली कुणाकडे सापडली माहितीये?"

प्रवेशाचा शेवट मला ठाऊक होता. तिच्या गोष्टीचा शेवट ऐकायचा राहून गेला.